रविवारी आल्प्स बंद असतात

बहरीनमध्ये मी थंडी विकतो. इमारतींच्या गच्चीवर घरघरत बसणारे मोठमोठे चिलर बसवायचे आणि ऐन ऑगस्टात ते बंद पडले की सगळ्या इमारतीच्या शिव्या खायच्या, हा माझा व्यवसाय. अर्धं आयुष्य थंडी तयार करण्यात गेलं, पण ती जिथे आपोआप पडून असते तिथे जायचा योग काही येत नव्हता.

त्यामुळे उम्म अल हस्समच्या आमच्या फ्लॅटमध्ये मी उभं राहून, हात पसरून जाहीर केलं की यंदा ऑगस्टात आपण आल्प्सला जाणार आहोत. माझी बायको वैशाली पोळ्या लाटत होती. तिने मान वर न करता सांगितलं, "मुग्धाने मला गेल्या आठवड्यातच सांगितलं. तिकिटं बघा."

मुग्धा आमची एकुलती एक मुलगी. जन्म बहरीनचा, शाळा इंग्रजी. मराठी सगळं कळतं, उत्तर मात्र इंग्रजीत. शिकायला म्हणून ऑस्ट्रियात साल्झबुर्गला गेली, तिथेच नोकरीला लागली आणि तिथेच तिला लुकास भेटला. लुकास डोंगरातल्या एका खेड्यातला, दूधवाल्या शेतकऱ्याचा मुलगा. हिवाळ्यात तो बहरीनला येऊन गेला, वैशालीच्या हातचं सुरमईचं कालवण त्याने कपाळावरचा घाम पुसत पुसत दोनदा मागून घेतलं, आणि पास झाला. राहिले होते त्याचे आईवडील.

इथे वैशालीने अट घातली. ती वेंगुर्ल्याची. तिच्या माहेरी अशी रीत आहे की सोयरीक जुळताना पहिला गोड घास मुलीकडच्यांनी मुलाकडच्यांना द्यायचा. तोवर त्यांच्या घरच्या पाण्यालाही शिवायचं नाही. तिच्या एका चुलत बहिणीच्या वेळी हे उलटं झालं आणि ते लग्न टिकलं नाही, असं तिचं ठाम मत. मी हसलो. तिने पोळपाट बाजूला ठेवला आणि म्हणाली, "हसा. पोरगी इतक्या लांब जाणार. त्यांची भाषा मला येत नाही, देव वेगळा, हवा वेगळी. माझ्या हातात एवढं एकच आहे. तेवढं तरी नीट होऊ द्या."

मग मी हसलो नाही.

असं ठरलं की लुकासच्या गावातच एक फ्लॅट भाड्याने घ्यायचा, पहिले चार दिवस आम्ही दोघांनी फिरायचं आणि रविवारी दुपारी व्याहीमंडळींना आमच्याकडे जेवायला बोलवायचं. तोवर त्यांची गवतकापणी चालणार होती, त्यांना सवड रविवारीच होती, तेव्हा भेटीगाठी टाळण्याचा प्रश्नच नव्हता. मुग्धाने फोनवर मला बजावलं, "बाबा, प्लीज. नो परफॉर्मन्स."

वैशालीने बॅगेत तांदूळ, तूरडाळ, शेवया, कोकम, सुकं खोबरं आणि मालवणी मसाला भरला. बाकी ताजं तिथे घेऊ म्हणाली. मी मुहर्रकला जाऊन बहरीनी हलव्याचे दोन डबे आणले. हा हलवा म्हणजे केशर-वेलचीचा, बदामाचा, लालभडक आणि चमच्याला न सोडणारा. एक डबा व्याह्यांना निघताना भेट द्यायला, दुसरा घरमालकिणीला.

त्सेल आम झे: बहरीनहून बहरीनला

या भागात जाणाऱ्याने मुक्कामाला त्सेल आम झे गाव किंवा त्याच्या आसपासचं खेडं निवडावं. मोठं तळं, तळ्याच्या काठाला चिकटलेलं जुनं गाव आणि समोर पाण्यात उलटे पडलेले डोंगर. मी बसमधून उतरलो, छाती भरून श्वास घेतला, आता बहरीन हजारो मैल दूर राहिलं असं म्हणायला तोंड उघडलं, तेवढ्यात मागून कुणीतरी अरबीत 'चला, चला' करत ओरडलं, "यल्ला, यल्ला!"

मागे वळून बघतो तर अख्खं आखात. अबाया घातलेल्या बायका पायडलच्या होडीत बसून हंसांना पाव घालत होत्या. हॉटेलांच्या दारावर अरबी पाट्या. आईस्क्रीमवाला ऑस्ट्रियन पोरगा अस्खलित "शुक्रन" म्हणत होता. उन्हाळ्यात आखातातली निम्मी माणसं थंडीसाठी इथेच येतात, हे मला कुणी सांगितलंच नव्हतं. मी म्हणजे सोसायटीपासून लपून सिनेमाला गेलेला माणूस, आणि थिएटरात अख्खी सोसायटी बसलेली.

पण तळ्यावरची संध्याकाळ चुकवू नका. शेवटच्या बोटीने फेरी मारा. सूर्य डोंगराआड जातो तरी उजेड बराच वेळ पाण्यात राहतो. सकाळी गावामागच्या श्मिटनहोए नावाच्या डोंगरावर केबलकारने जा. वर गेल्यावर चहूबाजूंनी बर्फाची शिखरं दिसतात आणि गाईंच्या गळ्यातल्या घंटा खालून ऐकू येतात. वैशालीने त्या घंटा ऐकून मान हलवली. म्हणाली, गाई सुखी दिसतायत, म्हणजे माणसं बरी असावीत. तिचं लक्ष देखाव्यावर नव्हतं. ती स्थळ बघायला आली होती.

आमचं खेडं तिथून बसने आत, एका अरुंद खोऱ्यात. लाकडी घर, खिडक्यांत लाल फुलं, आणि फ्राऊ रोझा नावाच्या ताठ आजीबाई घरमालकीण. गाडी भाड्याने घ्यायची नाही, हा वैशालीचा निर्णय. देखावा दिसला की मी स्टिअरिंग सोडून हात वर करतो, हे तिने खूप वर्षं पाहिलंय. शिवाय बहरीनमध्ये मी कोपऱ्यावरचं दूध आणायलाही गाडी काढतो. तिथे कोपऱ्यावरच्या किराणा दुकानाला कोल्ड स्टोअर म्हणतात. दारात गाडी उभी करायची, एसी चालू ठेवायचा आणि हॉर्न वाजवायचा. आतून मलबारी भाऊ धावत येतो, काय हवं ते खिडकीतून देतो. पायाला जमीन लागत नाही. वैशाली म्हणाली, आता चाला.

क्रिमल: धबधब्याखालचा दवाखाना

दुसऱ्या दिवशी क्रिमलचे धबधबे. हे बघायलाच हवेत. एकाच डोंगरावरून पाणी तीन टप्प्यांत उडी मारतं, आणि प्रत्येक टप्प्याशी नेणारी वळणावळणांची पायवाट आहे. खालच्या टप्प्यापाशी तुषार इतके, की छत्री उघडली तर पाणी खालूनही येतं. रेनकोट न्या आणि घाई करू नका. वरच्या टप्प्यापर्यंत गेलात तर बसायला बाकं आहेत आणि गर्दी खालीच राहिलेली असते.

आम्ही मात्र पहिल्या टप्प्यावर अडकलो, कारण तिथे अबू युसूफ भेटला. गोलमटोल, हसरा, डोक्याला टॉवेल गुंडाळलेला आणि हातात काहव्याचा, म्हणजे अरबी कॉफीचा थर्मास. मला बघून त्याने हिंदीतच विचारलं, "हिंदी? कहाँ से?" मी बहरीन म्हटल्यावर त्याने मला मिठीच मारली. तो रिफाचा. म्हणजे माझ्या घरापासून गाडीने हाकेच्या अंतरावर राहणारा माणूस मला ऑस्ट्रियातल्या धबधब्याखाली भेटला होता. दरवर्षी तो कुटुंबकबिल्यासह इथे येऊन महिनाभर राहतो. मी काय करतो हे कळताच त्याचा चेहरा गंभीर झाला. त्याच्या व्हिलातला चिलर उन्हाळाभर कुरकुरतोय. मग काय, वर एवढं पाणी कोसळतंय आणि खाली मी ओरडून ओरडून विचारतोय, आवाज कसा येतो, चालू होताना की बंद होताना? अबू युसूफ तोंडाने चिलरचा आवाज काढून दाखवतोय. दोन जपानी बायकांनी आमचा फोटो काढला. वैशाली आम्ही तिच्या ओळखीचे नसल्यासारखी पुढे निघून गेली.

ग्लॉकनरचा रस्ता: शुक्रवार

शुक्रवारी ग्रोसग्लॉकनरचा रस्ता. ऑस्ट्रियातलं सगळ्यांत उंच शिखर ज्याच्या टोकावरून दिसतं असा हा डोंगरी रस्ता. बसने जावं, म्हणजे चालकाचं लक्ष रस्त्यावर आणि आपलं बाहेर राहतं. वळण संपलं की पुढचं वळण, आणि प्रत्येक वळणावर झाडं थोडी थोडी बुटकी होत जातात. शेवटी झाडंच उरत नाहीत, फक्त गवत, दगड आणि मार्मोट नावाचे लठ्ठ प्राणी. हे मार्मोट मागच्या पायांवर उभे राहून शिट्ट्या मारतात. बहरीनमधल्या आमच्या मराठी मंडळाचे खजिनदार सभेत उभे राहतात तेव्हा असेच दिसतात. नाव लिहीत नाही, त्यांना कळेल.

टोकाला पास्टर्झ नावाची हिमनदी आहे. जुन्या फोटोंत ती खोरं भरून वाहताना दिसते. आता ती आटून पार आत सरकली आहे आणि खाली उरलंय राखाडी पाण्याचं डबकं. थंडीच्या व्यापाऱ्याला ते बघवलं नाही. गच्चीवर गरम हवा सोडत बसलेले माझे सगळे चिलर डोळ्यांसमोर आले. ज्यांना ही हिमनदी बघायची आहे त्यांनी फार वर्षं थांबू नये.

परतताना त्सेलमधल्या मोठ्या दुकानासमोर बस थांबली. वैशाली म्हणाली, रविवारचा बाजार आत्ताच करून टाकू. आणि इथे तुमच्या या लेखकाने तो ऐतिहासिक सल्ला दिला. मी म्हटलं, शुक्रवारी कसला बाजार करतेस? आजचा माल कालचाच असणार. उद्या शनिवार, उद्याही सुट्टीच. रविवारी आठवडा सुरू होतो, पहाटे ताजी भाजी येते, मी स्वतः सकाळी जाऊन वेचून आणतो.

आखातात न राहिलेल्यांसाठी सांगतो. बहरीनमध्ये सुट्टी शुक्रवार-शनिवारची. रविवारी आम्ही सगळे टाय लावून कामावर हजर असतो. इतकी वर्षं तिथे काढल्यावर रविवार हा शब्द ऐकला की आमच्या डोळ्यांसमोर उघडी दुकानं येतात. वैशालीनेही मान डोलावली. तीही तिथलीच ना.

किट्झस्टाईनहॉर्न: फुकटचा बर्फ

शनिवार बर्फाचा. काप्रुन गावातून केबलकार बदलत बदलत किट्झस्टाईनहॉर्नच्या हिमनदीवर जाता येतं. खाली लोक अर्ध्या बाह्यांत आणि वर भर ऑगस्टात बर्फ. स्वेटर विसरू नका, गॉगल तर मुळीच विसरू नका. केबलकारच्या वरच्या स्टेशनच्या छतावर उभं राहिलं की शिखरांचा असा समुद्र दिसतो की मला दोन मिनिटं बोलता आलं नाही. वैशालीने त्याची नोंद घेतली.

तिने खाली वाकून बर्फ उचलला, वास घेतला, जिभेला लावला. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "ह्याला सर्व्हिसिंग लागत नाही?" आणि तो गोळा माझ्या मानेत घातला. लोक प्लॅस्टिकच्या घसरगाड्यांवरून घसरत होते. आम्हीही घसरलो. मी सम्राटासारखा हात उंचावून निघालो आणि एका जर्मन कुटुंबाच्या डब्यांत जाऊन थांबलो. त्यांनी मला उठवून वर सॉसेज दिलं. वैशालीने किंकाळी न मारता, ओठ घट्ट मिटून, सरळ रेषेत उतरून दाखवलं. तळाशी पोचल्यावर ती हसली. या प्रवासातलं तिचं ते पहिलं मोकळं हसू.

संध्याकाळी खाली बसथांब्यावर पुन्हा अबू युसूफ. दोन मुलं, चार पिशव्या आणि खांद्यावर कांद्यांची अख्खी जाळी. मी हसत विचारलं, एवढे कांदे कशाला? तो धापा टाकत म्हणाला, "कल संडे." मी समजूतदारपणे मान हलवली. संडेला त्याच्याकडे बरेच पाहुणे असणार. सुट्टीवर येऊनही हा बिचारा कांदे वाहतोय, याची मला कीव आली.

रविवार

रविवारी सकाळी पिशवी फिरवत, शीळ घालत मी गावातल्या दुकानावर गेलो. आत अंधार. दाराच्या काचेला नाक लावून पाहिलं तर टोमॅटो छान रचून ठेवलेले दिसत होते. मला वाटलं, उशिरा उघडत असतील. बाकावर बसलो. बराच वेळ गेला. रस्त्यावर एक मांजर आलं, तेही माझ्याकडे बघून निघून गेलं. पलीकडची बेकरी बंद. औषधांचं दुकान बंद. बसचं वेळापत्रक पाहिलं, तर दुपारपर्यंत बस नाही. शेवटी मुग्धाला फोन लावला. ती आणि लुकास साल्झबुर्गहून गाडीने निघाले होते.

"बाबा, इट्स संडे," ती म्हणाली.

"हो, मग? आठवड्याचा पहिला दिवस."

 पलीकडून लुकासचं हसू ऐकू आलं, आणि कुणीतरी त्याला गप्प केल्याचा आवाज. मुग्धाने समजावून सांगितलं की ऑस्ट्रियात रविवारी खेड्यापाड्यांत काही म्हणता काही उघडत नाही. शनिवारी संध्याकाळीच सगळं खलास. आम्हाला हे माहीत असेल असं ती धरून चालली होती.

घरी येऊन हे वैशालीला सांगणं, यासाठी अभिनयाची सगळी पुण्याई पणाला लावली तरी उपयोग नव्हता. ती ओट्याशी उभी होती. डाळ धुऊन झालेली. एरवी ती माझ्याशी पुणेरी बोलते, पण चिडली की वेंगुर्ल्याला पोचते.

"आता त्यांच्या पानात काय वाढूचा?" ती म्हणाली. "डोंगर?"

फोन अजून चालू होता. मुग्धाने सुचवलं, सगळे मिळून गावच्या हॉटेलात जाऊ. विकतचं वाढायला मी इतक्या लांब आले नाही, असं उत्तर गेलं. मग मुग्धा म्हणाली, लुकासची आई रेझी शेजारीच तर आहे, तिला भाजी, दूध, काहीतरी आणायला सांगते. वैशालीने माझ्या हातातून फोन घेतला.

"त्यांच्या घरचं काही या घरात येणार नाही. आधी आपलं त्यांच्या तोंडात जाईल. समजलं?"

फोन ठेवून ती खुर्चीवर बसली आणि धुतलेल्या डाळीकडे बघत राहिली. ओरडली असती तर बरं झालं असतं.

मी हलव्याचा दुसरा डबा काखोटीला मारला आणि बाहेर पडलो. बेत असा, की डबा फ्राऊ रोझांना द्यायचा, जमल्यास गुडघ्यावर बसायचं आणि कांदे-बटाटे मागायचे. पण त्यांच्या दाराला कुलूप. खालून चर्चची घंटा वाजत होती. अख्खं गाव प्रार्थनेला गेलेलं. डबा काखेत तसाच ठेवून मी वरच्या पायवाटेने चालू लागलो, कुठे काही मिळतं का बघत.

गाव संपलं, कुरणं लागली, आणि एका वळणावर लाकडी टपरी दिसली. दारावर हसऱ्या गाईचं चित्र. आत काचेच्या दाराचा फ्रिज. फ्रिजमध्ये दुधाच्या बाटल्या, अंडी, लोण्याचे गोळे. खाली टोपल्यांत बटाटे आणि कांदे. मी, व्यवसायाने रेफ्रिजरेशनचा माणूस, त्या फ्रिजसमोर अक्षरशः हात जोडले. आल्प्समधलं कोल्ड स्टोअर!

माणूस मात्र कुणी नाही. मी हाक मारली. टाळ्या वाजवल्या. हॉर्न असता तर वाजवला असता. मग भिंतीवरच्या चित्रांवरून उलगडा झाला: वस्तू घ्या, पैसे पेटीत टाका, जा. इथल्या कुरणांवर ही पद्धतच आहे. दुकानदार नाही, कुलूप नाही, तुमच्यावर विश्वास. पण पेटीला होती फक्त नाण्यांची फट, आणि माझ्या खिशात कार्ड आणि एक मोठी नोट, चारदा घडी घातली तरी आत न जाणारी. मी थोडा विचार केला आणि हलव्याचा डबा पेटीवर ठेवला. आखातातली नामी वस्तू. नाणी सोमवारी आणून टाकू.

पिशवी भरून परत निघालो. उतरण, ऊन, आणि आनंदाने घसा कोरडा पडलेला. बाटली उघडली आणि दूध प्यायलो. असं दूध मी आयुष्यात प्यायलो नव्हतो. गवताची चव, थंडगार, दाट. थांबलो तेव्हा बाटली निम्मी झाली होती, आणि खालून बँड येत होता.

चर्च सुटल्यावर गावचा बँड वाजत गाजत वर निघाला होता. चामड्याच्या चड्ड्या, टोपीत पिसं, चमकणारी पितळी वाद्यं. शेवटी एक दांडगा माणूस भलामोठा ट्यूबा वाजवत होता, गाल फुगून लाल झालेले. मी रस्त्याच्या कडेला उभा राहिलो आणि बाटली उंचावून त्याला दरबारी मुजरा केला. तोंड वाद्यात अडकलेलं, त्यामुळे त्याने फक्त भुवया वर केल्या. त्याची नजर बाटलीवर गेली, मग माझ्या मिशीवर. मिशी पुसायची राहिली होती.

घरी वैशालीने पिशवी उलटी केली आणि तिचा चेहरा उजळला. कांदे आले, बटाटे आले, अंडी आली. अंड्यांचं कालवण, बटाट्याची भाजी, वरण-भात, सोलकढीऐवजी कोकमचं सार आणि शेवटी शेवयांची खीर. सगळं तिने मनात मांडून टाकलं. बाटली उचलून मात्र ती थबकली. "ही निम्मीच का?"

उतार फार आहे, सांडलं, असं मी म्हणालो. दुसरी भरलेली बाटली होती म्हणून ते तेवढ्यावर भागलं.

पहिला घास

दुपारी दार वाजलं. समोर मुग्धा, ओठ चावत हसू दाबणारी. शेजारी लुकास, जमिनीकडे बघणारा. मागे हसऱ्या डोळ्यांची, मजबूत हातांची रेझी. आणि तिच्या मागे दारात वाकून आत येणारा दांडगा माणूस, टोपीत पीस खोचलेला, लुकासचा बाप आलोईस.

आम्ही दोघांनी एकमेकांना पाहिलं. आलोईसने भुवया वर केल्या. मी हळूच मिशी पुसली. 

जेवण रंगलं. मुग्धा मधे बसून दोन्हीकडचं बोलणं पोचवत होती, इकडचं तिकडे जर्मनमधून, तिकडचं इकडे चक्क मराठीतून. रेझीला कोकमचं सार इतकं आवडलं की त्यात कोकमं किती घालायची हे तिने बोटांवर मोजून घेतलं. आलोईसने कालवणाचा पहिला घास घेतला, डोळ्यांत पाणी आलं, नाक शिंकरलं आणि ताट पुढे केलं. वैशालीच्या खांद्यावरचा ताण घासागणिक उतरत होता.

खीर आणायला ती उठली तेव्हा आलोईसचं लक्ष ओट्यावरच्या रिकाम्या बाटल्यांकडे गेलं. त्यांवर गाईचं चित्र होतं. तो खूश होऊन काहीतरी बोलला. मुग्धाने डोळे मिटले. मग सावकाश सांगितलं, "आई, ते म्हणतायत, ही आमची गाय."

दूध त्यांचं. लोणी त्यांचं. अंडी, कांदे, बटाटे, सगळं त्यांच्याच शेतातलं.

वैशाली खिरीचं भांडं घेऊन तशीच उभी राहिली. हसत होती, पण मी तिच्याबरोबर संसार केलाय, मला दिसत होतं. "म्हणजे मी त्यांचंच त्यांना वाढलं," ती अगदी हळू म्हणाली. भांडं खाली ठेवायला तिला जागा सापडेना.

रेझीला शब्द कळले नाहीत, पण चेहरा कळला. तिने घाईघाईने टोपलीतून एक डबा काढून टेबलावर ठेवला. माझा हलव्याचा डबा. तळाशी जेमतेम एक चमचा उरलेला. चर्चमधून परत येताना तो त्यांना पैशांच्या पेटीवर मिळाला होता. आधी आलोईसला ते चाकांना लावायचं वंगण वाटलं. मग रेझीने बोट लावून चाखलं आणि दोघांनी तिथेच, टपरीत उभ्याउभ्या, बोटांनी डबा संपवत आणला. मुग्धा आणि लुकास घरी पोचले तेव्हा मुग्धाने डबा ओळखला आणि वाटभर गप्प बसली.

वैशालीने डब्यात पाहिलं. मग सरळ न्यायासनावर बसल्यासारखी बसली.

"तिला विचार, कधी खाल्लं? चर्चमधून आल्यावर लगेच?"

मुग्धाने विचारलं. हो, लगेच. टोपीसुद्धा काढली नव्हती.

"आणि मी दूध तापवलं सगळ्यांत शेवटी. लोणी त्याच्या थोडं आधी. सकाळचा चहा आपण कोराच घेतला." ती बोटांवर क्रम लावत होती. "म्हणजे त्यांच्या घरचं आपल्या तोंडात जायच्या आधी आपला गोड घास त्यांच्या तोंडात गेला."

टेबलावर सगळे सुटकेने हसले. मीही मोठ्याने हसलो, जरा जास्तच मोठ्याने. वैशालीची मान सावकाश माझ्याकडे वळली.

"पण ती बाटली निम्मी होती."

मुग्धाने सवयीने हेही जर्मनमध्ये सांगून टाकलं.  मी आलोईसकडे पाहिलं. त्याने मला त्या वळणावर पाहिलं होतं, बाटलीसकट, मिशीसकट, हलव्यापर्यंत पोचण्याच्या कितीतरी आधी. 

आलोईसने घसा साफ केला. वैशालीकडे बघून, छातीवर हात ठेवून, तो गंभीरपणे दोन-तीन वाक्यं बोलला. लुकासने चमकून बापाकडे पाहिलं.

"ते सॉरी म्हणतायत," मुग्धा म्हणाली. "म्हणतायत, कधी कधी घाईत बाटली निम्मीच भरली जाते."

रेझीचा चमचा हवेत थांबला. ज्या माणसाचं घराणं पिढ्यान्‌पिढ्या काठोकाठ बाटल्या भरत आलंय, तो माणूस आपल्या बायकोसमोर, मुलासमोर आणि नव्या सोयऱ्यांसमोर, दूध कमी भरतो असं सांगत होता. त्याचे गाल ट्यूबा वाजवताना झाले होते तसे लाल झाले होते.

"असू दे, असू दे," वैशाली म्हणाली, "होतं असं घाईत." आणि तिने त्याच्या वाटीत सगळ्यांत आधी आणि सगळ्यांत जास्त खीर वाढली.

ही सोयरीक मुहर्रकच्या हलव्याने जुळली, असं वैशाली आजही सगळ्यांना सांगते. मी तिला कधी अडवलं नाही. सोमवारी मी नाणी घेऊन टपरीवर गेलो तेव्हा आलोईस फ्रिजमध्ये बाटल्या लावत होता. आम्हाला एकमेकांच्या भाषेतला एकही शब्द येत नव्हता. त्याने एक बाटली उघडली, निम्मी स्वतः प्यायला आणि उरलेली माझ्या हातात दिली.